चिंधीत बांधलेले साडेबासष्ट रुपये

मी, शेवंताबाई तोताराम बिऱ्हाडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार दोंडाईचा, जिल्हा धुळे, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरलेला नसताना हे लिहून ठेवते. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, म्हणून मी सांगते आहे आणि माझी नात सुवार्ता लिहिते आहे. ही पोरगी बी.कॉम. झाली, दीपनगरला बिजलीघराच्या ऑफिसात हिशोबाला लागली. मला इतका आनंद झाला आहे की मरायला आलेल्या बाईला शोभू नये. ती म्हणते, आजी, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हणते, लिही.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, मुलगा मगन याला. पत्रे त्याच्या बापाने टाकले, दार मी टाकलं. दार विकू नये.

२. पाटा-वरवंटा, तांब्याचा हंडा आणि मोठा तवा सून प्रमिलाबाई हिला. याच तव्याच्या भावंडावर मी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात एकतीस वर्षं भाकरी थापल्या. प्रमिलाच्या भाकरीला कडा फुटतात, हे मी तिला कधी बोलले नाही. आता बोलले.

३. शेळी शेजारच्या कलाबाईला. का, ते पुढे येईल.

४. पोस्टातले तीन हजार चारशे रुपये सुवार्ताला. मगनने तोंड वाकडं करू नये. तिने माझं जे शोधून दिलं ते त्याला नऊ वर्षांत शोधावंसं वाटलं नाही.

५. आता लुगड्याचं. हे नीट लिही ग पोरी.

शहाऐंशीच्या नाताळाआधी आमच्या चर्चच्या मंडळीने मला प्रभुभोजनाच्या मेजासाठी पांढरं कापड आणायला धुळ्याला पाठवलं. पैसे आधी आपले घालायचे, बिल दाखवलं की खजिनदार पेटीतून भरून देणार. कापड अठ्ठेचाळीसचं. तिथंच एक जांभळ्या काठाचं लुगडं दिसलं, साडेबासष्टचं. बोर्डिंगातून सुटताना मिळालेल्या पैशांतले थोडे उरले होते, घेतलं. दुकानदाराने दोन्ही एकाच बिलावर लिहिलं. मला काय कळणार, मी घडी करून कनवटीला लावलं.

खजिनदार पितांबर नाना सोनवणे. त्यांनी बिलाचा खालचा आकडा बघितला, एकशे साडेदहा मोजून दिले, मी पावतीवर अंगठा लावला. घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने, तोतारामने, ते मोजले. म्हणाला, "हाऊ हिशोब खोटा शे. लुगड्याचे पैसे देवाच्या पेटीतून आले. परत कर."

परत केले. पण कसे, ते ऐका. बोर्डिंगातल्या मड्डमसाहेबांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, प्रभूचा पैसा माणसाच्या हातात द्यायचा नाही, अर्पणाच्या पिशवीत टाकायचा. मी साडेबासष्ट रुपये चिंधीत गाठ मारून बांधले आणि रविवारी पिशवीत टाकले. शेजारी बसलेल्या कलाबाईने बघितलं. माझ्या लेखी हिशोब मिटला. नानांना सांगावं लागतं, पावती घ्यावी लागते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

एप्रिलात वार्षिक सभा. तपासनीसाने बिल मोठ्याने वाचलं. मेजाचं कापड अठ्ठेचाळीस, लुगडं साडेबासष्ट. मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "प्रभूच्या मेजाला नऊवारी नेसवली काय!" सगळी मंडळी हसली. लहान पोरंसुद्धा. मी उभी राहिले. म्हटलं, पैसे परत टाकलेत. "पावती?" पावती नव्हती. कलाबाई उठून म्हणाली, "मी बघितलं ना!" तर तिला बसवलं, की बाई, तू गाठ बघितलीस, आत काय ते बघितलंस का. नाना वहीत मान घालून बसले होते. वर बघितलं नाही.

साडेबासष्ट दुसऱ्यांदा भरले. या वेळी पावती मिळाली, ती माझ्या शास्त्रात, बायबलात, ठेवलेली आहे. आणि शिक्षा म्हणून मला सहा महिने प्रभुभोजन बंद, भाकर नाही की प्याला नाही. मेजावर मी आणलेलं कापड, आणि मी दाराजवळच्या बाकावर. त्याच सहा महिन्यांत तोताराम गेला. त्याचं शेवटचं प्रभुभोजन झालं तेव्हा त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. हे मी माफ केलेलं नाही. पाळकसाहेब दर वर्षी येऊन विचारतात, दर वर्षी चहा देते आणि नाही म्हणते.

या दिवाळीत मंडळीने जुन्या वह्या जुळवायला सुवार्ताला दिल्या. तिसऱ्या दिवशी ती धावत आली, चप्पल एकच पायात. "आजी, सापडले!" नानांच्या अक्षरात लिहिलेलं: अर्पण पिशवीत, चिंधीत बांधून, रु. ६२.५०, गुप्त दान.

साडेबासष्ट रुपये गुप्त दान! आठवडाभर आधी ज्याने साडेबासष्टच्या लुगड्याचं बिल भरलं, त्याच माणसाच्या हाताने लिहिलेलं.

म्हणून माझी अट. मंडळीने ती नोंद दुरुस्त करावी, वार्षिक सभेत जितक्या मोठ्याने लुगडं वाचलं तितक्याच मोठ्याने दुरुस्ती वाचावी, आणि माझे दुसऱ्यांदा भरलेले पैसे सुवार्ताला परत देऊन तिची पावती घ्यावी. व्याज नको. तिने ते पिशवीत टाकू नयेत.

लुगड्याची घडी मी आजवर मोडलेली नाही. शवपेटीत ठेवताना मला तेच नेसवावं. दुरुस्ती वाचली असेल तर पेटी त्या मेजासमोर ठेवावी, सगळ्यांनी येऊन काठ बघावा. वाचली नसेल तर देवळाच्या पायरीलाही टेकवू नये, सरळ कब्रस्तानात न्यावी.

पुरवणी, सह्या होण्याआधी:

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम पितांबर नानांना बोलावलं. काठी टेकत आले. सुवार्ताने वरचं सगळं वाचून दाखवलं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "अक्का, सोमवारी चिंधी सोडली त्याच दिवशी मला समजलं होतं, पैसे लुगड्याचे."

मी म्हटलं, "आणि गप्प बसलात. पुढच्या रविवारपर्यंत नाही, एप्रिलपर्यंत नाही, नाना. नऊ वर्षं."

"आधी दान म्हणून लिहून टाकलं. मग समजलं. खोडावं लागलं असतं. माझ्या वहीत कधी एक खाडाखोड नव्हती अक्का, तपासनीस दर वर्षी तेच वाखाणायचा."

"वही स्वच्छ राहिली," मी म्हटलं. "तोताराम गेला."

प्रमिलाने चहा आणला, नानांनी घेतला नाही. मी घेतला. सुवार्ता, हेही लिही.

अंगठा लावत नाही. एकदा लावून बघितला. नातीने आठवडाभर गिरवून घेतलेली सही करते.

सही: शेवंताबाई तोताराम बिऱ्हाडे
ठिकाण: दोंडाईचा. तारीख: १७ नोव्हेंबर १९९६

बाईंनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: जीवराम छगन मोरे, निवृत्त शिक्षक

साक्षीदार २: पितांबर शमुवेल सोनवणे, माजी खजिनदार

टीप: साक्षीदार क्रमांक २ यांनी आपलं नाव एकदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. कोरा कागद घेऊ का, असं सुवार्ताने विचारलं. मी नको म्हटलं. ही खाडाखोड माझ्यासमोर झाली, आणि ती तशीच ठेवावी.