वजन झाडाच्या दोन्ही बाजूंना

चि. हेइका यास रावनाताईचे आशीर्वाद.

इकडे मी, कुत्री आणि रेनडिअर ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? (ट्रोम्सोच्या ऑफिसात खुर्चीवर बसून गुडघा दुखतो कसा, हे मला कळलेलं नाही, पण विचारायला हवं.)

ब्येर्राभाऊजींकडून उलटसुलट काही कानावर येण्याआधी खरं काय ते कळवते. पुढच्या बुधवारी कळप समुद्राकडे निघतोय. भाऊजी म्हणाले, "वहिनी, यंदा सामानाच्या घसरगाडीत बसा. आता वय झालं." तूच सांग, यंदा सामानात बसले की पुढच्या वर्षी घरीच बसायचं ना? एकतीस वर्षं मी स्वतः स्नोमोबाइल चालवत गेलेय. माझी जुनी मोडली, म्हणून तुझ्या दाजींची बाहेर काढली. ते जाऊन दोन वर्षं झाली, पण सीटखालची स्प्रिंग अजून त्यांच्याच वजनाला लावलेली. ती मला बेताची करून द्या, एवढंच मी भाऊजींना म्हटलं.

तर हे पाना घेऊन बसले आणि भर अंगणात विचारतात, "वहिनी, वजन किती?" अरे, आपल्यात कुणी कुणाला रेनडिअर किती म्हणून विचारतं का? आणि विचारलंच तर आकडा टाळायला आपण जे सांगतो, तेच माझ्या तोंडून सवयीने गेलं: "झाडाच्या दोन्ही बाजूंना आहे." सीटवर बसलं की मागची बाजू किती दबते ते बघूनही भागतं, पण तेही वजन सांगितल्यासारखंच, म्हणून मी बसले नाही. शेवटी लांबून कळपाचा अंदाज घ्यावा तसे डोळे बारीक करून त्यांनी मला पाहिलं (मी जाड फरकोटात होते, हे लक्षात घे) आणि पाना फिरवला. स्प्रिंग होती त्याहून कडक!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, तर बर्फ गोठून दगड झालेला. पहिल्या उंचवट्यावर सीटने मला उठवलं, दुसऱ्यावर निरोप दिला. गाडी जागीच थांबली, मी जरा पुढे जाऊन थांबले. लागलं काही नाही. भाऊजी हसले असते तर परवडलं असतं. ते नुसतं म्हणाले, "घसरगाडीत मऊ कातडी अंथरतो हं, वहिनी." मला रडूच आलं, तुझ्यापासून काय लपवू?

मग घरात जाऊन खरा आकडा कागदावर लिहून त्यांना दिला. त्यांनी तो वाचला, कागद चुलीत टाकला आणि स्प्रिंग सैल करून दिली. माणूस सभ्य आहे.

तुझी,
रावनाताई

ता. क. लागलं काही नाही, हे खरंच आहे. फक्त उजवा अंगठा प्लास्टरमध्ये आहे. (पत्र डाव्या हाताने लिहिलंय, अक्षराला हसू नकोस.)

आणखी एक. गाडीला वेग त्याच अंगठ्याने द्यायचा असतो, हे तू ऑफिसात विसरला नसशील. मी सामानात बसणार नाही. तू चालव, मी मागे बसून वाट सांगेन. स्प्रिंग आता दोघांच्या वजनाला लावावी लागेल, म्हणून मंगळवारी ये आणि तुझा आकडा कागदावर लिहून आण. झाडाच्या दोन्ही बाजू चालणार नाहीत. चूल पेटवून ठेवते.