लाइन थांबवणारीला टाळ्या

रत्नागिरी, ११ जून

प्रिय अक्षया,

सावर्ड्याला गेल्यापासून तुझा फोन बंद आहे. बरोबरच आहे. आईचे गुडघे कसे आहेत? इथे आंब्याचा हंगाम संपला. कॅनिंगच्या शेडमध्ये आता नुसता फिनाइलचा वास. आपल्या गंगुबाईंचं बारावं काल झालं.

एप्रिलमधली ती सकाळ मला सारखी आठवते. तू नवीन होतीस. रसाचे डबे ज्या टाकीत वाफेवर शिजतात, तिच्या झाकणातून आवाज येतोय म्हणून तू लाइन थांबवलीस. फिटर नितेशने झाकण उघडून पाहिलं, काहीच निघालं नाही. मग मी टाळ्या वाजवल्या. "या, इंजिनियरबाई आल्या आमच्या!" सगळ्या बायका हसल्या, तूही हसलीस. त्यानंतर जी लाइन थांबवी तिला टाळ्या पडू लागल्या. मला वाटायचं, किती खेळीमेळीनं राहतो आपण! पुढे महिनाभर लाइन एकदाही थांबली नाही, तेव्हा मालकांनी माझं कौतुकही केलं.

मेमध्ये तू एकटीच माझ्याकडे आलीस. झाकणाचं रबर चिरलंय म्हणालीस, अगदी हळू. मी जेवत होते. मान वर न करताच म्हटलं, "पुन्हा टाळ्या हव्यात वाटतं?" तू गेलीस. तिसऱ्या दिवशी झाकण उडालं आणि गंगुबाई वाफेत भाजल्या.

दवाखान्यात गंगुबाई शुद्धीवर होत्या. म्हणाल्या, "बाय, वाफ मला सकाळीच दिसली व्हती. पन सगळ्या टाळ्या पिटतील म्हनून गप ऱ्हायले." जणू चूक त्यांचीच.

चौकशीत मी लिहून दिलं, की रबराबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. तपासणी तुझ्याकडे होती, म्हणून ठपका तुझ्यावर आला, नोकरी गेली. तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. माझ्यावरच्या मायेपोटी, अशी मी मनाची समजूत घालत होते. माया कसली! बोलून उपयोग नसतो, हे मीच तुला शिकवलं होतं.

मंगळवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर पुन्हा येणार आहेत. खरं सांगायचं ठरवलंय, पण शेजारी मालक बसलेले असतील आणि मला माझा भरवसा नाही. म्हणून हे कागदावर लिहिलं. तू मला सांगितलं होतंस: २० मे, दुपारी, जेवणाच्या खोलीत. मी ऐकलं नाही. हे पत्र घेऊन ये, आणि मी तिथे काहीही बोलले तरी ते इन्स्पेक्टरांच्या हातात दे.

तुझीच,
उल्का शशिकांत केळकर
लाइन सुपरवायझर