यंदाचं सीतादही

५ ऑक्टोबर, रविवार

आज राख सावडली. अख्खी माय एका मडक्यात मावली, वर जागाही उरली.

घरात मी, माय गेल्यावर परगावाहून आलेली काकू आणि ग. ग. म्हणजे माझा धाकटा भाऊ. नाव पूर्ण लिहायची सध्या इच्छा नाही. त्याची बायको सुनीता माहेरी बाळंतीण आहे, सव्वा महिना झाल्याशिवाय यायची नाही. नातीचं तोंड दसरा झाला की पाहायला जाईन, म्हणाली होती माय. दसऱ्याला दवाखान्यात होती.

माणसं येतात, चहा पितात, एकच बोलतात. चालती-बोलती गेली, कुणाकडून करून घेतलं नाही, भाग्याची बाई. तोंडाला फेस येऊन मेलेल्या बाईचं हे भाग्य. मी मान हलवते. दुसरं काय करू?

८ ऑक्टोबर, बुधवार

जे झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते, नाहीतर गाव आपापल्या सोयीनं लिहील.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ग.नं पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी केली. एरवी सुनीता पाणी आणून देते. ती नाही म्हणून माय गेली. विहिरीवरून घागरी आणल्या, टाकीत औषध कालवलं, गळका पंप भरभरून दिला. आमच्याकडं विषाला औषध म्हणायची रीत आहे. दिवसभर ते अंगावर सांडत राहिलं. संध्याकाळी चक्कर, उलट्या. ग.ला वाटलं पित्त झालं. मीठ घालून ताक पाजलं. परत उलटी, परत ताक. मग अंगणात बाजेवर निजवलं, वारा लागावा म्हणून. सकाळी ऑटोत घालून यवतमाळ.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. आणायला एवढा उशीर का, आणि अंगावरचं ओलं लुगडं काढून आंघोळ का नाही घातली? ग. खाली पाहत उभा. माय गेल्यावर दवाखान्याच्या पायरीवर मीही तेच विचारलं. तेव्हाही खालीच पाहत होता.

तेव्हापासून त्याच्याशी बोलले नाही. त्याला जेवायला वाढते तेही काकूच्या हातानं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मायचं माहेर ढाणकीकडचं. तिथून केळापूर तालुक्यात दिली, म्हणजे तिच्या भाषेत "जिल्ह्याच्या या टोकाची त्या टोकाले फेकली." दिवाळीला माहेरी जायला तीन एसट्या बदलायची. प्रत्येक कंडक्टरशी भांडण, आणि उतरेपर्यंत त्याच्या पोराबाळांची नावं पाठ.

माझ्याकडं पांढरकवड्याला यायची ती पिशवीत वांगी घेऊन. खुर्चीवर बसायची नाही. आमचे हे बँकेत, त्यांना मागं "फाईलवाले" म्हणायची. जेवली की लगेच, चाल, माही गाडी निघून जाईन. मी रागवायचे. तिचं म्हणणं, तुया घरी पऱ्हाटी नाही, मी बोलू कोणाशी?

खरंच बोलायची ती झाडांशी. लहानपणी लाज वाटायची मला. फूट ना माय, कायले रुसली. बोंडं फुटली की हात रक्ताळायचे, वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. त्याच हातांनी भाकरी थापायची. पिठाला कुंकू लागल्यासारखं दिसे, आम्ही विचारायचो, ती म्हणे गप खा.

चिडकी होती. मी तिच्यावर गेले, सगळे म्हणतात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल तेरवी उरकली. मी ताटावर बसले, कढी वाढायला आली, उठून मोरीवर गेले. आंबट वास सहन होत नाही. काकूला वाटलं रडते आहे.

दुपारी शेवंताबाई येऊन बसली. मायची जोडीदारीण, दोघींनी उभा जन्म शेजारशेजारच्या ओळीत कापूस वेचला. म्हणाली, कापूस फुटून खाली लोंबून राह्यला, आभाळ भरून येऊन राह्यलं, पण सीतादही झाल्याबिगर बाया वावरात पाय ठेवत नाहीत. ग.नं तसंच सुरू करा म्हटलं तर एकही आली नाही.

सीतादही घरच्या बाईनंच करायचं. माय करायची ते डोळ्यासमोर आहे. चांगलं झाड पाहून बुडाशी खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं. पहिल्या फुटलेल्या बोंडाच्या कापसाची वात वळून दिवा. मग दहीभात वावरात चहूकडं शितडायचा. म्हणायचं, कापूस दह्यासारखा पांढरा फुटू दे. उरलेला वेचणाऱ्यांच्या हातावर, आणि वेचलेला कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधून कामाला.

बाबा साप चावून गेले त्या वर्षी गावातल्या बाया म्हणाल्या, तुला आता हे चालत नाही, जावेला बोलाव. मी नववीत होते, भाताचं पातेलं माझ्याच हातात होतं. माय बांधावर उभी राहून सगळ्यांना म्हणाली, "वावरात राबतानी मी विधवा दिसत नाही, दही शितडतानीच दिसतो का?" शेवंताबाईनं पहिला हात पुढं केला. तेव्हापासून माय दरवर्षी करायची.

"आता तूच राह्यली," शेवंताबाई जाताना म्हणाली.

मी म्हटलं, ज्या कापसानं माय खाल्ली त्याची पूजा मी करणार नाही. लोंबू दे, सडू दे.

१९ ऑक्टोबर, रविवार

पांढरकवड्याला परत. फ्रिजमध्ये मायनं दिलेलं विरजण होतं, तिच्या माहेराहून आलेलं, कधी मोडू दिलं नव्हतं तिनं. फेकायला वाटी काढली, बेसिनपर्यंत गेले, परत ठेवली. दही मात्र लावलं नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा पाकिटातलं आणलं. आणा बापडे.

आज दुकान उघडलं. सणाची गर्दी. मॅचिंगचे ब्लाउजपीस, फॉल, पिको. बाया विचारतात तुम्ही दिवाळीची साडी नाही घेतली? माय गेली म्हटलं की आवाज खाली करतात आणि लगेच रंग पाहायला लागतात. त्यांचं काय चुकलं? सण आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दारात एक पणती लावली, बस.

शेवंताबाईचा फोन. दोन दिवस शिंतोडे पडले, खालच्या बाजूचा कापूस मातीत. बायांना दुसऱ्या वावरात काम मिळते आहे, किती दिवस थांबतील? मी म्हटलं, काकूला सांगा. काकूचे गुडघे वावरापर्यंत पोचत नाहीत, हे तिलाही माहीत, मलाही.

फोन ठेवला आणि राग आला. मायनं जूनपासून निंदलं, डवरलं, अखेरीस जीव घातला त्यात. सडू दे म्हणणारी मी कोण, असं मनात आलं. मग परत ताक आठवलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

ग. दुकानात आला. दाढी वाढलेली. गिऱ्हाईक होतं, तोवर बाहेर पायरीवर बसून राहिला. आत आल्यावर सीतादहीचं काढलंच नाही. मी फॉल मोजत होते, मान वर केली नाही.

मग म्हणाला, "तू त्या दिवशी इचारलं होतं ना, लुगडं काहून नाही काढलं."

मी कात्री खाली ठेवली.

"घरात बाई माणूस नव्हतं, ताई. मायच्या लुगड्याले हात कसा लावू मी?"

एवढंच. पित्त आहे, सकाळपर्यंत उतरेल, असं वाटलं त्याला. शेजारच्या बाईला हाक मारायला दारापर्यंत गेला होता म्हणे. अंगणातल्या बाजेवरूनच माय म्हणाली, नको, कायले लोकाले उठवतं. म्हणून चादर पांघरली तिच्यावर. त्या ओल्या लुगड्यावर चादर.

शिव्या द्यायच्या होत्या मला, इतके दिवस साठवून ठेवल्या होत्या. निर्लज्ज असता तर वाचली असती माय. पण असा कोणी वाढवला त्याला? तिनंच. मोरीला पडदा लावून आंघोळ करणारी, पोरगा मोठा झाल्यावर त्याच्यासमोर पदर न ढळू देणारी बाई.

पाणी दिलं त्याला. चहा विचारला नाही. गेला.

दिवसभर बायकांच्या साड्या हातात घेते मी. फॉल लावते, निऱ्या पाहते, कुणाच्याही. संध्याकाळी एकीनं लुगडं आणलं, मायचं होतं तसलंच, हिरव्या काठाचं. ते घडी करताना रडू आलं ते आवरेना. हे बँकेतून येईपर्यंत शटर खाली ओढून आत बसले होते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

शेवंताबाईला फोन केला. उद्या बाया थांबव म्हटलं. तिनं कारण विचारलं नाही.

दूध तापवलं, कोमट केलं, मायचं विरजण घातलं. एवढ्या दिवसांत मोडलं असेल तर? मोडलं असेल तर जाणार नाही, असं ठरवून झाकण ठेवलं. ह्यांनी विचारलं, भावासाठी चाललीस? मी म्हटलं, मायच्या कापसासाठी. खरं काय, देव जाणे.

२६ ऑक्टोबर, रविवार

दही लागलं. घट्ट, काप पडण्याजोगं.

सकाळच्या बसनं गेले. वावराच्या तोंडाशी औषधाची रिकामी डबडी तशीच पडलेली, विहिरीजवळ टाकी उपडी. मायची कापूस वेचायची ओटी काकूनं धुऊन दिली होती. बाया बांधावर बसलेल्या, कुणी आत गेलेली नव्हती.

मायचं झाड सापडलं, म्हणजे ती निवडली असती तसलं. खडे मांडले. वात वळायला बोंड तोडलं तर टोक नखात गेलं. दिवा वाऱ्यानं दोनदा विझला, शेवंताबाईनं पदराचा आडोसा धरला. दहीभात शितडताना म्हणायचं ते मला म्हणवेना. माय म्हणायची तेवढंच तोंडातून आलं, फूट ना माय, कायले रुसली. मागं एक-दोघींनी डोळे पुसले.

मग प्रसाद. शेवंताबाई पहिली, तेव्हासारखीच. बाकीच्या. सगळ्यांच्या मागं गजू उभा. ओंजळ नाही केली, एकच हात पुढं, पाहणं मातीकडं.

मला वाटलं होतं, पातेलं शेवंताबाईकडं देईन. दिलं नाही. त्याच्या हातावर भात ठेवला. माझी बोटं लागली, त्याचा हात गार होता.

"दही हाय, ताई," तो म्हणाला. जसं मला माहीतच नव्हतं.

"मायचं विरजण आहे," मी म्हटलं.

माफ केलं का त्याला, मलाच ठाऊक नाही. आत अजून काहीतरी घट्ट बसलेलं आहे. ओटी कमरेला बांधली आणि मायच्या ओळीला लागले. शेजारच्या ओळीत शेवंताबाई. गजू तिथंच उभा होता, मूठ मिटून. त्यानं तो भात खाल्ला की नाही, मी वळून पाहिलं नाही.