सहा रिकाम्या ओंब्या

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद फाडायला तरी हातात घ्यावा लागतो.

आईची तब्येत ठीक आहे. कानातलं यंत्र बसवल्यापासून तिला सगळं ऐकू येतं आणि सगळ्यावर तिचं मतही असतं. परवा शेजारी नवराबायकोचं वाजलं, तर हिनं भिंतीच्या या बाजूनं निवाडा करून टाकला. तिच्याकडूनच कळलं की चष्म्याच्या कारखान्यात तुझ्या हाताखाली आता चौघीजणी काच घासायला शिकतात. मला नवल नाही वाटलं. गव्हाच्या न उमललेल्या फुलातून चिमट्यानं तिन्ही परागकोष काढायचे आणि आतल्या पिसासारख्या तुऱ्याला धक्काही लावायचा नाही, हे तुझ्यानंतर आमच्या गहू संशोधन केंद्रात कुणाला जमलेलं नाही.

आता मुख्य बातमी. मागच्या वर्षी शीतगृहाचं यंत्र बदलायचं होतं, म्हणून खोली रिकामी केली. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीला एक पत्र्याचा डबा सापडला. आत बेचाळीस पुड्या. तिनं विचारलं, "हे छापल्यासारखं अक्षर कुणाचं?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं."

मग तिला सगळं सांगावं लागलं. टपोऱ्या दाण्याचा वाण, ज्याला तू 'थोरला' म्हणायचीस, आणि बारीक दाण्याचा 'धाकटा'. तू दोघांचा संकर दोन्ही बाजूंनी केलास. एकवीस ओंब्यांत थोरला आई आणि धाकटा बाप, एकवीस ओंब्यांत उलट. आपल्या तेव्हाच्या प्रमुख साहेबांचं म्हणणं, आई कोण आणि बाप कोण यानं काही फरक पडत नाही, दाणे दोन्हीकडे सारखेच भरतील. तसं ते परिषदेत छातीठोकपणे सांगूनही बसले होते. तुझ्या पुड्यांत मात्र थोरला आई तिथे टपोरे दाणे, धाकटा आई तिथे बारीक. दाणे कमी असले की एकेक दाणा जास्त फुगतो, म्हणून तू प्रत्येक ओंबीत फुलंही मोजून सारखी ठेवली होतीस. तरी साहेब म्हणाले, संकर झालेलाच नाही. फुलं नीट साफ केली नाहीत, परागकोष आत राहिले, प्रत्येक ओंबी आपल्याच परागानं भरली.

त्या मुलीनं पुड्या पेरल्या. साहेबांचं खरं असतं तर एका वाफ्यात निव्वळ थोरला उगवला असता आणि दुसऱ्यात निव्वळ धाकटा. ताई, दोन्ही वाफे एकसारखे आले. उंची तीच, ओंबी तीच, दाणे दोन्हीकडे मध्यम. हजार दाण्यांच्या वजनात अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही. म्हणजे सगळे संकरच होते, आणि या खेपेला आया सगळ्या सारख्याच संकरित, म्हणून दाणेही सारखे.

याचं कारण आता आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतोय. फूल उमलायच्या आधीच अंडाशयाची भिंत आणि वरचं तूस किती वाढलं, त्यावर दाणा किती मोठा होणार हे बरंचसं ठरतं. भिंत आणि तूस दोन्ही आईचीच. बापाचा पराग येतो तेव्हा घर बांधून झालेलं असतं.

तुझं बरोबर होतं. केंद्रात आता सगळ्यांना कळलंय. साहेब निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, नाहीतर त्यांनाही दाखवलं असतं.

प्रकृतीला जप. आई आठवण काढते. मीही.

तुझी,
छोटी


२४ मार्च

छोटे,

पत्र मिळालं. फाडलं नाही.

माझं बरोबर होतं ही बातमी तू मला देतेस? दोन पानं गहू लिहिलास. गव्हात तुझा हात कुणी धरणार नाही. पण त्या दिवसाबद्दल एक ओळ नाही.

मग मीच विचारते. मी सहा ओंब्या वेगळ्या ठेवल्या होत्या. फुलं साफ केलेली, कागदी पिशवी घातलेली, पण पराग न लावलेली. माझा हात चुकला असता तर त्यांत दाणे भरले असते. मीटिंगमध्ये मी म्हटलं, "त्या उघडा, लगेच कळेल." साहेबांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "त्या सापडत नाहीत, सर." माझ्या कागदावर 'कामात निष्काळजी' असा शेरा बसला आणि पुढच्या हंगामात मला बोलावलं नाही.

त्या ओंब्या मी स्वतः तुझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. तरी घरी येऊन माझी पिशवी झाडून बघितली. पहिलं वर्षभर वाटायचं, ठेवल्याच नसतील. फुलंही साफ झाली नसतील. साहेब म्हणतात तेच खरं असेल. काच घासताना मध्येच थांबून स्वतःची बोटं बघत बसायचे, तीन भिंगं फुकट घालवली. मालक भला माणूस, म्हणाला, "होतं असं, बाई."

हात पुन्हा सरळ चालायला लागला तेव्हा पटलं, ठेवल्याच होत्या; तेव्हापासून फोन मी का उचलत नाही, ते तुला माहीत आहे. ओंब्या कुठे गेल्या तेवढं सांग.

ताई


२० एप्रिल

ताई,

ओंब्या माझ्याकडे होत्या.

मीटिंग अकराला होती. मी साडेनऊलाच त्या खिडकीपाशी घेऊन बसले आणि एकेक फूल चिमटीत चोळून बघितलं. नुसतं तूस. मला इतका आनंद झाला की तुला हाक मारायला मी व्हरांड्यात धावत आले. तिथे साहेब भेटले. म्हणाले, "तुझ्या कायम नेमणुकीचा कागद आज सहीला घेतोय. ही संकराची कटकट लवकर मिटवू." धमकी नव्हती. त्यांना ओंब्यांचं काही ठाऊकही नव्हतं. मी मागे फिरले, ओंब्या पेंढ्याच्या पोत्यात टाकल्या, आणि दुपारी तो पेंढा जाळला गेला. मला कुणी भाग पाडलं नाही, ताई. माझी मीच.

मीटिंगनंतर जिन्यात तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "जाऊ दे गं, तू शोधल्यास ना?" मी मान हलवली. शब्दानं खोटं बोलले त्याहून ते हलवणं मला जास्त आठवतं. पुढे तू फोन उचलेनाशी झालीस, तेव्हा खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

पहिल्या पत्रातही मी हेच लिहायला बसले होते. गहू लिहिणं सोपं गेलं.

तुझं पत्र आलं त्याच सोमवारी आमच्या नव्या प्रमुख मॅडमकडे गेले आणि वर लिहिलंय तेवढं सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"सात वर्षांनी?"

"हो."

"पुढच्या महिन्यात गहू विभाग तुमच्याकडे येणार होता, हे लक्षात आहे ना?"

"आहे."

त्यांनी माझा कागद फायलीत लावला. मग म्हणाल्या, "मला चौकशी लावावी लागेल." मी म्हटलं, "लावा." विभाग आता दुसऱ्याकडे गेला आहे. चौकशीचं काय व्हायचं ते होईल, मी वकील घेतलेला नाही. तुझ्या कागदावरचा शेरा मात्र रद्द झाला. त्याची प्रत सोबत आहे, शिक्क्यासह. त्या मुलीच्या शोधनिबंधात संकर करणारी म्हणून तुझं नाव तिच्याबरोबर येईल, तुझी हरकत नसेल तर. माझं नाव त्यात नाही. ती म्हणते, ताईंना एकदा विचारायचंय, फूल नेमकं कोणत्या दिवशी साफ करायचं. सांगायचं की नाही ते तू ठरव.

आईलाही सांगितलं. ती उठून स्वयंपाकाला लागली. दुपारी जेवायला बसले तेव्हा म्हणाली, "तिला कळवलंस?"

"लिहिणार आहे."

"मग ऊठ. आधी ते कर, ताट झाकून ठेवते."

म्हणून हे लिहितेय.

तू वर्षभर स्वतःच्या हातावर संशय घेतलास, हे मला तुझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. नोकरी गेली, तू गाव सोडलंस, एवढंच मी धरून चालले होते. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. शिक्क्याचा कागद तुला देता येतो, ते वर्ष कुठून आणू? पण जे त्या दिवशी बोलायला हवं होतं, ते आज तरी पुरतं सांगते. सहा ओंब्यांत मिळून एकशे चौदा फुलं होती. मी सगळी मोजली. एकातही दाणा नव्हता, ताई. तुझा हात कुठेच चुकला नव्हता.

क्षमा मागायचं धैर्य अजून गोळा करत असलेली,
तुझी छोटी