पंपघराकडचा गोल

३ फेब्रुवारी, सोमवार
काल हरलो. एक-दोन. दुसरा गोल माझ्यामुळे — डावीकडून आला, दिसलाच नाही. ऑक्टोबरात सरावाला चेंडू डाव्या डोळ्यावर बसला, तेव्हापासून त्या बाजूला नुसतं धुकं. डॉक्टर म्हणाला, पडदा गेलाय, सुधारणार नाही. हे त्याला ठाऊक आणि या वहीला. बास. क्लबात कळलं तर दुसऱ्या दिवशी बाहेर. एकोणीस वर्षं गोलकीपर म्हणून त्या जाळीपुढे उभा आहे. घरोघरी पाण्याचे मीटर वाचतो ते पोटासाठी, जगतो रविवारसाठी.

तीन मॅच उरल्यात. तळातून दुसरे आहोत. घसरलो तर खालच्या लीगमध्ये.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कप्तान म्हणजे माझा सख्खा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ. टॉस जिंकला आणि बाजू अशी मागितली की दुसऱ्या हाफला मी पंपघराकडच्या गोलात. तिथे तळं बरोब्बर डाव्या हाताला. साडेचारनंतर ऊन पाण्यावर असं तळपतं की बघवत नाही. माझी आंधळी बाजू, आणि तिथेच हा लखलखाट! का?

९ फेब्रुवारी, रविवार
जिंकलो, एक-शून्य. टॉस पुन्हा त्याचा, बाजू पुन्हा तीच. मी विचारलं, "तीच बाजू का रे?" म्हणाला, "सवयीची आहे, भावजी." आणि बुटाची नाडी बांधायला बसला. नाडी बांधलेलीच होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पाणी कुठेतरी मुरतंय.

डाव्या बॅकला आम्ही खांब म्हणतो. उंच, अबोल माणूस. चार वर्षांत माझ्याशी चार वाक्यं बोलला नसेल. तो हल्ली डावीकडून चेंडू आला की बोंबलतो — "आला! खाली!" दर वेळी. आमचे कोच, मास्तर, सरावाला कडेला उभे असतात, त्यांच्या कानावर जावं म्हणून? मी म्हटलं, मला कळतं, तू तुझं बघ. त्यानं मान हलवली. पुढच्या चेंडूला पुन्हा "आला!" मी अडवला खरा. पण राग आला तो आलाच.

घरी आलो तर मेव्हणा स्वयंपाकघरात हिच्याशी बोलत होता. मी दिसताच दोघं गप्प. मग ही म्हणते, "अहो, हातपाय धुऊन घ्या." रोज कधी सांगते का?

१३ फेब्रुवारी
हिला विचारलं, काल काय चाललं होतं? "चोराच्या मनात चांदणं," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
बरोबरी. टॉस त्याचा. बाजू तीच. आता शंका उरली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
धागा सापडला. राखीव गोलकीपर मेव्हण्याच्याच ऑफिसात, शेजारच्या टेबलावर! ह्यानंच त्याला क्लबात आणला. म्हणजे माझा डोळा ह्याला कळलाय, आणि भर मैदानात मला उघडं पाडून आपला माणूस उभा करायचाय. सरळ तोंडावर सांगितलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. लग्नात माझ्या मांडीवर बसून फोटो काढलेला पोरगा हा.

रविवारी शेवटची मॅच, तळ्याच्या पलीकडच्या काठाच्या क्लबाशी. बरोबरी झाली तरी वाचू.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बोललो. सरावानंतर, कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्यांसमोर. म्हटलं, "केसानं गळा कापतोयस माझा. गद्दार आहेस तू." आणखी बरंच बोललो, ते लिहवत नाही. वाटलं होतं उलटून बोलेल. तो खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागला. खांब उठून बाहेर गेला. मास्तर म्हणाले, "झालं ना बोलून? घरी जा आता."

छाती मोकळी व्हायला हवी होती. झाली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
मेव्हणा येऊन गेला. दारातच उभा राहिला, ही 'आत ये' म्हणत असताना. म्हणाला, "भावजी, ती चमक उजवीकडून आली असती तर तुमचा चांगला डोळाही दिपला असता. म्हणून ती बाजू घेत होतो. तुम्ही डावीकडचा चेंडू ऐकून पकडता, बघून नाही. नोव्हेंबरपासून ठाऊक आहे सगळ्यांना."

सगळ्यांना. खांबाला. मास्तरांना. हिलासुद्धा.

तो गेल्यावर हिनं सांगितलं — काल मी निघून आल्यावर मास्तरांनी त्याला विचारलं होतं, उद्या गोलमध्ये कोण? म्हणाला, "भावजीच."

राखीव गोलकीपरला मीच फोन केला. म्हटलं, आज तू.