कोपऱ्याचे पाचशे वजा

सोलापूर, रविवार

आदरणीय यशपालमामा,

सप्रेम जय भीम. कुर्डुवाडीच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनाही जय भीम सांगा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (फोनवर हिशेब सुरू केला की तुम्ही "हां, हां" म्हणत फोन मामींकडे देता, म्हणून हे पत्र.)

चिंचोळीच्या गाळ्याला सोळा लाखांचं गिऱ्हाईक आलंय, विकू की ठेवू, असं तुम्ही घरातल्या पहिल्या पदवीधराला विचारलंत. एवढा मान मिळाल्यावर मी तीन दिवस धड जेवले नाही. भाडं महिना सहा हजार. कर आणि दुरुस्ती जाऊन वर्षाला चौसष्ट हजार उरतात. आजच्या सोळा लाखांवर ते चार टक्के पडतात, म्हणजे त्यापेक्षा बँकेतली ठेव बरी. पण तुम्ही गाळा घेतलात चार लाखांना, आणि त्यावर तेच चौसष्ट हजार सोळा टक्के होतात. एकच गाळा सकाळी मला विका म्हणाला आणि दुपारी ठेवा म्हणाला. (आईला दोन्ही नीट समजावलं. ती म्हणाली, फी तर एकाच उत्तराची भरली होती.)

मग तिसरी रीत घेतली. तिच्यात कोणता रुपया कोणत्या साली आला हेही धरतात, कारण उशिरा आलेला रुपया हलका भरतो. त्यासाठी तुम्ही पाठवलेली भाड्याची वही उघडली, तर सलग सात वर्षं, दर महिन्याला, तुमच्या अक्षरात: "कोपरा, ५०० वजा". बेचाळीस हजार होतात, मामा. गाळ्यात खाणावळ चालवणाऱ्या महानंदामावशींनी तुमच्या साधेपणाचा फायदा घेतला, असं वाटून मी कोपरा मोजायला टेप घेऊन निघाले. (वाटेत भाषणही तयार केलं.)

गाळ्यात पाऊल टाकलं आणि भाकरीच्या वासाने भाषणाचा पहिला परिच्छेद गेला. नववीपासून बी.कॉम.पर्यंत मी तिथेच अभ्यास केला, कारण आपल्या एका खोलीत पाच जण. पिठाच्या डब्याशेजारी माझं टेबल. कारखान्यांची पाळी सुटली की पन्नास माणसं जेवायला येत, काही उभ्याने जेवत, पण त्या टेबलावर कुणी ताट ठेवत नसे. माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा जिथे भेटतात, तिथे अजून शेंगाचटणीचा डाग आहे.

तरी कर्तव्य म्हणून कोपरा मोजला. सहा बाय सात. मग मावशींना विचारलं, या कोपऱ्याचं भाडं सात वर्षं कशासाठी कापून घेत होता?

भाकरी थापायची न थांबता त्या म्हणाल्या, "तुजंच टेबल की गं ते. मामाच म्हनले, कोपऱ्याचं पाचशे कापा. आन् पोरीला सांगू नका, अभ्यास सोडून भाड्याची काळजी करत बसंल."

मी टेप गुंडाळला. जेवून आले.

शिकलेल्या माणसाने तटस्थ राहावं, म्हणून सल्ला देत नाही. तिन्ही आकडे सोबतच्या कागदावर आहेत. आकड्यांत मी खोटं करणार नाही. निर्णय तुमचा.

तुमची भाची,
धम्मप्रिया (बी.कॉम.)

ता. क. गाळा विकू नका. त्या टेबलावर आता तिघी मुली बसतात. एक तारखेला माझा पहिला पगार होईल, तेव्हापासून कोपऱ्याचे पाचशे मी भरीन. मुलींना सांगू नका.

ता. क. २. गिऱ्हाईकाला मी छत गळतं म्हणून सांगून बसलेय. (हा आकडा नव्हे.) ते गुरुवारी स्वतः बघायला येणार आहेत. तुम्ही तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात होता. पाऊस नसताना एक दिवसापुरतं छत गळवायचं कसं, तेवढं उलटटपाली कळवा.