विकायला आलेली गिटार

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना पाहून कुरकुरत नसेल अशी आशा आहे. इकडे सगळं क्षेम (माझं नाक सोडून, त्याचं पुढे येईल).

दादा खरोखरच गिटार विकून दे म्हणत माझ्याकडे आला. कामावरच्या यंत्रानं उजव्या हाताच्या बोटांची टोकं नेली, वाजवायची नखं आता येणार नाहीत, मग तिला कपाटावर धूळ कशाला खायला घालायची, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, पिकनं वाजव की (पिक म्हणजे तारा छेडायची प्लॅस्टिकची चकती). नायलॉनच्या तारांना पिक म्हणजे त्याच्या मते लोण्याला करवत. हात दुखावला तरी मतं शाबूत आहेत हे पाहून मला बरंच वाटलं.

मग मी कामाला लागलो. म्हणजे मी बिघडवत गेलो आणि दादा निस्तरत गेला. जास्त ताणाच्या तारा आणल्या. पहिलीला मी मारलेली गाठ खुंटी पिळताच सुटली आणि तार माझ्या नाकावर बसली. दादानं उरल्या बोटांनी अशी गाठ मारली की मी बघतच राहिलो. पिकनं तार जास्त थरथरते आणि दांडीवरच्या पट्ट्यांवर खरखरते, म्हणून त्यानं तारा टेकतात त्या घोडीवरच्या हाडाखाली पातळ पट्टी सरकवून तारा केसभर उचलल्या. मऊ लाकडावर ओरखडे नकोत म्हणून मी पारदर्शक फिल्म चिकटवली (बुडबुड्यांसकट), तीही त्यानंच काढून पुन्हा लावली. नवं नायलॉन ताणतच राहतं. सूर लावून पाणी पिऊन यावं तर सूर उतरलेला. मी वैतागलो, तो शांतपणे खुंट्या पिळत बसला. या माणसाला चिडता कसं येत नाही, हे मला लहानपणापासून कोडं आहे.

शेवटी तो वाजवायला बसला. पिक दोनदा निसटला, तिसऱ्यांदा थेट गिटारीच्या पोटात गेला. दोघांनी ती उलटी धरून हलवली. मग त्यानं त्याची जुनी संथ चाल अर्धी वाजवली आणि म्हणाला, "विकायची घाई नको करूस." वहिनी, मला त्याचा इतका अभिमान वाटला, की नाक दुखतंय म्हणून डोळे पुसले.

रविवारी तो गिटारीसकट घरी येतोय.

तुमचा धाकटा दीर

ता. क. विकतचे पिक फार कडक वाजत होते. तुम्ही दिलेल्या डब्याच्या निळ्या झाकणातून कापलेला मात्र झकास जमला. डबा परत पाठवतोय.

आणखी एक. त्या संचाची अजून दोन झाकणं घरात आहेत म्हणे. बोटांना पिक जाणवत नाही, तो हरवणारच. तेव्हा झाकणं दादाच्या हाती लागतील अशी ठेवा. आणि रागवायचं तर जरूर रागवा, पण त्याचं वाजवून झाल्यावर.